फ्लोटची रेंज काढताना ‘नाहीतर’ची बाजू सांभाळा

‘पूर्णांकांचं रेंज अ‍ॅनालिसिस लिहिलंय ना? तोच पास उचला, टाइप बदला, झालं.’ हा सल्ला मलाही मिळाला होता. रेंज अ‍ॅनालिसिस म्हणजे प्रोग्राम न चालवताच एखादी किंमत कोणत्या दोन टोकांच्या मध्ये राहील हे कंपायलरने काढणं, पास म्हणजे ते काम करणारा कंपायलरचा टप्पा, आणि फ्लोट म्हणजे दशांश संख्या. देणाऱ्याने फ्लोटचा पास स्वतः कधी चालवला नसावा. जीसीसीसारख्या मुरलेल्या कंपायलरमध्ये पूर्णांकांचं रेंज अ‍ॅनालिसिस कित्येक वर्षं होतं, फ्लोटचं मात्र २०२३ साली, १३व्या आवृत्तीत आलं. टाइप बदलून भागलं असतं तर एवढी वाट बघावी लागली नसती.

पहिली पायरी साठवणीची. खालचं टोक, वरचं टोक आणि ‘नॅन असू शकतो’ ही खूण, एवढं ठेवा. नॅन (NaN) म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असं सांगणारी फ्लोटची खास किंमत. −० आणि +० वेगळे राखा. तुलनेत ते समान, पण १ ला त्यांनी भागलं की एकीकडे −अनंत, दुसरीकडे +अनंत. ‘काहीच शक्य नाही’ आणि ‘फक्त नॅन शक्य आहे’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, एकात कोंबू नका.

गणिती क्रिया सोप्या. बेरजेत खालच्यात खालचं, वरच्यात वरचं मिळवा. गुणाकारात चारही कोपरे, म्हणजे टोकांच्या चार जोड्यांचे गुणाकार, काढून लहान-मोठं निवडा. अनंत वजा अनंत किंवा शून्य गुणिले अनंत शक्य असेल तर नॅनची खूण लावा. कोपराच नॅन निघाला तर पूर्ण रेंज धरून मोकळे व्हा. प्रोग्राम कोणत्या राउंडिंगने चालेल याची खात्री नसेल, तर खालचं टोक खाली आणि वरचं वर ढकला.

आता शर्ती. माझा घात इथेच झाला.

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी आम्ही भट्टीचे कंट्रोलर बनवतो. नियम लिहायला एक छोटी भाषा आहे, तिचा कंपायलर माझा. एका गिऱ्हाईकाचा नियम असा होता: तापमान १४०० पेक्षा कमी असेल तर पॉवर वाढव, नाहीतर, तापमान १४०० किंवा जास्त असेल तर हिरवा दिवा, तेही नसेल तर ‘सेन्सर तपासा’. माझ्या पासने हिशेब केला: ‘नाहीतर’मध्ये आलो म्हणजे तापमान किमान १४००, आतली तपासणी कायम खरी, शेवटची ओळ मेलेली. उडवली.

दोन दिवसांनी भट्टीवरच्या ऑपरेटरचा फोन. “सर, थर्मोकपलची टीप तुटून खाली पडलीय, तरी तुमचा हिरवा दिवा लागलाय की हो!”

थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर. त्याची टीप तुटली की आमचा ड्रायव्हर नॅन देतो. नॅनबरोबर ‘कमी’, ‘जास्त’, ‘समान’ यातली कोणतीही तुलना खोटीच येते. म्हणून तो ‘१४०० पेक्षा कमी’मध्ये बसत नाही आणि गुपचूप ‘नाहीतर’मध्ये शिरतो. ‘कमी नाही’ याचा अर्थ ‘जास्त किंवा समान’ असा फक्त पूर्णांकांत होतो. नशीब, ऑपरेटरचं लक्ष दिव्यापेक्षा टीपेवर होतं.

तेव्हा प्रत्येक तुलनेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा. एकीची उलट करून दुसरी काढायचा मोह आवरा. ‘क्ष < १४००’ खरं निघालं तर नॅनची खूण पुसा आणि वरचं टोक १४०० च्या लगतच्या खालच्या संख्येवर आणा. खोटं निघालं तर खालचं टोक १४०० करा, पण नॅनची खूण आधी होती तशीच राहू द्या. ‘क्ष असमान य’ खरं निघालं तरीही ती राहते. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात प्रत्येक तुलनेचे ‘ऑर्डर्ड’ (नॅन आला तर खोटा) आणि ‘अनऑर्डर्ड’ (नॅन आला तर खरा) असे दोन अवतार आहेत ते यासाठीच. तुमच्या भाषेत नसतील तर आधी ते आणा, पास नंतर लिहा. आणि ‘क्ष समान ०’ खरं निघालं म्हणून क्षच्या जागी ० चिकटवू नका. तिथे −० असू शकतो.

उलटा हिशेब याच जातीचा. ‘क्ष + १’ हे १ पेक्षा जास्त नाही, म्हणून क्ष ० पेक्षा जास्त नाही, असं शाळेत चालतं. डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये, क्ष अगदी २ चा −५३ वा घात असला तरी राउंडिंगने बेरीज १ च येते. उत्तरावरून मागे येताना टोकं थोडी सैल करा, नाहीतर खरी किंमत रेंजबाहेर पडते.

लूपमध्ये दोन-तीन फेऱ्या बघा, टोक सरकतच असेल तर ते अनंताला न्या.

तपासणीसाठी रँडम आकड्यांच्या भरवशावर राहू नका, कोपऱ्यातल्या किमती त्यांत क्वचितच येतात. १६ बिटांच्या फ्लोटमध्ये एकूण ६५,५३६ बिट-आकृत्या. दोन घेतल्या तर जोड्या जेमतेम ४२९ कोटी. संध्याकाळी सगळ्या जोड्या चालवायला लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन एकही उत्तर रेंजबाहेर पडलं नाही ना, एवढं बघायचं.

‘फास्ट-मॅथ’ हा वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅग लावला तर नॅन येणारच नाही असं धरायची कंपायलरला मुभा मिळते, आणि ‘हा नॅन आहे का’ ही तुमची तपासणीसुद्धा तो उडवू शकतो. भट्टीच्या कोडला तो फ्लॅग मी कुणाला लावू देत नाही.