'हा सात कोण?' : विषय बदलला की संदर्भ देण्याची रीतही बदलते

जीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी समाजशास्त्रात पीएच.डी.ला आले. पहिलं प्रकरण माझ्या मार्गदर्शक मॅडमना दिलं, ते आठवड्याभराने परत आलं. पहिल्याच पानावर 'कुटुंबात आजारपण आलं की शुश्रूषेचा भार स्त्रीवर पडतो [7].' असं वाक्य होतं. त्यातल्या सातभोवती पेन्सिलीने गोल काढला होता आणि समासात लिहिलं होतं, 'हा सात कोण?'

मला प्रश्नच कळेना. संदर्भसूचीत सातव्या क्रमांकावर सगळा तपशील होता. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे तू म्हणतेस की त्या लेखिका म्हणतात? त्यांनी कुणाला विचारलं? आणि तुला ते पटलंय का?" ते वाक्य मी चार वेळा लिहिलं. शेवटी लेखिकेचं नाव वाक्यात कर्ता म्हणून आलं, कंसात वर्ष आलं आणि पुढे 'मात्र त्यांचा अभ्यास पगारदार कुटुंबांपुरता आहे' हेही आलं. आता माझं काम कुठून सुरू होतं ते वाचणाऱ्याला दिसत होतं.

प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला हे जड जातं. तिथे पद्धतीबद्दल बरंचसं एकमत असतं, म्हणून निष्कर्ष पुढे येतो आणि नाव कंसात किंवा आकड्यात जातं. समाजशास्त्रात कोण, कुठून आणि कुणाकडे पाहून बोलतंय हा मांडणीचाच भाग असतो.

नाव वाक्यात की कंसात, हा भेद शोधलेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये स्पष्ट मांडला. त्याच क्षेत्रातले केन हायलंड यांनी 1999 मध्ये आठ विषयांतले 80 शोधनिबंध तपासले. समाजशास्त्राच्या निबंधात सरासरी शंभरावर संदर्भ होते, भौतिकशास्त्राच्या निबंधात पंचवीसच्या आसपास. आकडे जुने असले तरी हा फरक मला रोजच्या वाचनात दिसतो. त्यामुळे 'किती संदर्भ द्यायचे?' याचं उत्तर दुसऱ्या विभागातल्या मित्राकडून घेऊ नका.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ क्रियापदांना द्यावा. मी सुरुवातीला सगळीकडे 'सिद्ध केले' लिहायचे. 'दाखवून दिले' म्हटलं की तुम्ही ते मान्य केलंत. 'दावा करतात' म्हटलं की चार पावलं लांब उभे राहिलात. 'मांडतात' म्हणजे निवाडा अजून बाकी आहे. तत्त्वज्ञानात 'युक्तिवाद करतात' हे नेहमीचं, जीवशास्त्रात 'आढळले', अभियांत्रिकीत 'पद्धत सुचवली'. काळही पाहा : मानसशास्त्रात पूर्वीच्या प्रयोगाबद्दल भूतकाळात लिहितात, साहित्यसमीक्षेत मात्र शंभर वर्षांपूर्वीचा समीक्षकही वर्तमानकाळात 'म्हणतो'.

अवतरणांचंही तसंच. साहित्यात मूळ शब्द दिल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही. विज्ञानाच्या निबंधात मात्र अवतरणचिन्हं क्वचितच दिसतात, तिथे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं असतं. इतिहासकार तळटिपेत दफ्तराचा आणि फाइलचा क्रमांक देतात, म्हणजे दुसऱ्याला तोच कागद काढता येतो. गणितात नुसता निबंधाचा क्रमांक देऊन भागत नाही, त्यातलं कितवं प्रमेय तेही सांगतात.

स्वल्पविराम, तिरपा टाइप, सूचीतला क्रम ही कामं झोटेरोसारखं सॉफ्टवेअर बरीचशी करतं. त्यावर रात्री जागवू नका, फक्त शेवटी एकदा डोळ्यांखालून घाला.

मला उपयोगी पडलेला उपाय असा. ज्या नियतकालिकाला निबंध पाठवायचाय त्याचे पाच अलीकडचे निबंध छापून घ्या. वाक्यातल्या नावांना एका रंगाने, कंसातल्यांना दुसऱ्या रंगाने खूण करा आणि क्रियापदं वहीत उतरवा. प्रस्तावना आणि चर्चा या भागांत खुणा दाट दिसतील, पद्धतीच्या भागात बहुधा विरळ. मग स्वतःच्या मसुद्यावर त्याच दोन रंगांनी खुणा करा आणि सगळी पानं शेजारी शेजारी ठेवून पाहा. माझ्या दुसऱ्या प्रकरणात पहिला रंग जवळजवळ नव्हताच. मॅडमकडे जाण्याआधी ते मला स्वतःलाच दिसलं आणि तीन पानं मी पुन्हा लिहिली.