छपाईयंत्र विकायला काढलंय? ऑडिटर येण्याआधी एवढं करून ठेवा

वर्तमानपत्राची एखादी आवृत्ती बंद झाली, यंत्र थंड पडलं, की हिशेबात दोन तोटे येतात: एक इम्पेअरमेंटचा, म्हणजे यंत्राचं मोल पुस्तकी किमतीच्या खाली घसरल्याचा, दुसरा विक्रीचा. दोन्ही एकाच ओळीत ढकलायचा मोह होतो. ऑडिटर तिथूनच प्रश्न सुरू करतो.

आधी फिक्स्ड ॲसेट रजिस्टर, म्हणजे यंत्रं-इमारतींसारख्या मालमत्तेची नोंदवही, घेऊन प्रत्यक्ष प्रेसमध्ये जा. टॅग नंबर जुळवताना एखादं युनिट असं निघतं, जे कागदावर चालू असतं आणि त्याचे रोलर मात्र केव्हाच दुसऱ्या यंत्राला लागलेले असतात.

मग तारखा लिहून काढा. आवृत्ती बंद करायचा ठराव कधीचा, छपाई कधी थांबली, गिऱ्हाईक कधी आलं. ठराव फेब्रुवारीतला आणि विक्री जूनमधली असेल, तर 'विकल्यावर बघू' चालत नाही. मार्चअखेरीलाच तपासणी लागते. समजा यंत्राची पुस्तकी किंमत ४२ लाख आहे आणि विक्रीखर्च वजा जाता २५ लाख येतील, असं व्हॅल्युअर म्हणतो. म्हणजे १७ लाख इम्पेअरमेंट, आणि ते सरत्या वर्षातच. जूनमध्ये हातात निव्वळ २१ लाख पडले, तर विक्रीचा तोटा फक्त ४ लाख. यंत्र इंड एएस १०५ या भारतीय लेखामानकाप्रमाणे 'विक्रीसाठी ठेवलेलं' ठरलं, की त्या दिवसापासून घसारा बंद. सॉफ्टवेअरला हे सांगावं लागतं, नाहीतर ते दर महिन्याला इमानेइतबारे घसारा काढत बसतं.

जे विकायचं नाही पण कमाई घटली आहे, त्यासाठी पुढच्या रोकड आवकीचा अंदाज तयार हवा. साधारणपणे पाच वर्षांपर्यंतचाच. जाहिरात विभागाचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. निवडणुकीच्या वर्षातल्या जाहिराती दरवर्षी येणार, असं त्यात हमखास धरलेलं असतं.

मास्टहेड, म्हणजे वर्तमानपत्राचं नाव, स्वतः नावारूपाला आणलेलं असेल तर ते ताळेबंदात नसतंच, विकत घेतलेलं असेल तरच तपासा. गुडविलची (धंदा विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेची) तपासणी मात्र दरवर्षी, आणि एकदा उतरवलेलं गुडविल पुन्हा चढवता येत नाही. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या अमेरिकी माध्यम कंपनीने २०२४मध्ये टीव्ही वाहिन्यांच्या विभागातलं तब्बल ९१० कोटी डॉलरचं गुडविल एका तिमाहीत उतरवलं, तिथेही नियम हाच.

करसल्लागाराला एक फोन करून ठेवा: इम्पेअरमेंटची वजावट आयकरात मिळत नाही, तिथे ब्लॉकचा, म्हणजे एकाच घसारादराच्या मालमत्तांच्या गटाचा, हिशेब वेगळा चालतो, त्यामुळे डिफर्ड टॅक्स (पुस्तकं आणि आयकर यांतल्या फरकामुळे पुढे ढकलला जाणारा कर) बदलतो. यंत्राच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वळती) घेतलं असेल, तर त्यातून दर तिमाहीला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम आणि विक्रीवरचा कर, यांतलं जे जास्त ते भरायचं असतं.

शेवटी विक्रीची फाइल. इन्व्हॉइस, गेटपास, बँकेतली नोंद, आणि भंगारात गेलेल्या भागांची वजनकाट्याची पावती. पावतीवरचा ट्रकचा नंबर गेटपासशी जुळवा, आणि तिची झेरॉक्स आजच काढा. थर्मल कागदावरची अक्षरं ऑडिटपर्यंत उडून जातात.