जँगोच्या क्लास-आधारित व्ह्यूमध्ये नोंद शोधण्याची रीत बदलणे

नागपूरच्या कळमना बाजारातील अडत्यांसाठी संत्र्यांच्या आवकीची नोंदवही जँगो या पायथॉनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये करायची आहे, असे समजू. डीटेलव्ह्यू, म्हणजे एकच नोंद दाखवणारा तयार क्लास-आधारित व्ह्यू, मुळात वेब-पत्त्यातील 'पीके' (नोंदीची प्राथमिक की) किंवा 'स्लग' (पत्त्यात वापरायचे छोटे नाव) यांवरून नोंद शोधतो. अडत्याच्या हाती मात्र पावती क्रमांक असतो. त्यासाठी 'स्लग_फील्ड'ला मॉडेलमधील (नोंदीची रचना ठरवणाऱ्या क्लासमधील) फील्डचे आणि 'स्लग_यूआरएल_क्वॉर्ग'ला पत्त्यातील घटकाचे नाव दिले की पुरते. ते फील्ड युनिक (एकच मूल्य दोनदा न येणारे) ठेवावे, कारण एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी सापडल्यास ४०४ ('सापडले नाही') नव्हे, तर थेट ५०० (सर्व्हरची चूक) दिसते.

खरी काळजी पुढे आहे. पत्त्यातील आकडा बदलून एका अडत्याला दुसऱ्याची आवक पाहता येऊ नये, म्हणून नोंदींचा संच देणारी 'गेट_क्वेरीसेट' ही मेथड नव्याने लिहून, 'सुपर'कडून (मूळ क्लासकडून) मिळालेला संच 'सेल्फ.रिक्वेस्ट.यूजर'नुसार, म्हणजे लॉगिन केलेल्या अडत्यानुसार, गाळून परत करावा. एक नोंद शोधून देणारी 'गेट_ऑब्जेक्ट' ही मेथड याच संचात शोध घेत असल्याने परक्याची नोंद आपोआप ४०४ ठरते, आणि ती अस्तित्वात आहे हेही कळत नाही. लॉगिन सक्तीचे करणारे 'लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन' अर्थातच व्ह्यूच्या मूळ क्लासच्या यादीत सर्वांत आधी जोडावे.

पुष्कळजण थेट 'गेट_ऑब्जेक्ट'च नव्याने लिहायला घेतात. माझ्या मते, पावती क्रमांक दरवर्षी पुन्हा १ पासून सुरू होत असतील, म्हणजे एकटा क्रमांक युनिक नसेल आणि वर्ष व क्रमांक अशा दोन्हींवरून शोधायचे असेल, तेव्हाच ते करावे; आणि तेथेही 'गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४'ला (नोंद न सापडल्यास ४०४ देणाऱ्या फंक्शनला) मॉडेल न देता 'सेल्फ.गेट_क्वेरीसेट()' द्यावे, अन्यथा वरची गाळणी निसटते.