पावडरचा लॉट बदलला तरी लोड तोच? रायफल रीलोडिंगमधल्या या चुका टाळा

रायफलच्या वापरलेल्या काडतुसांत पावडर, म्हणजे बारूद, पुन्हा भरताना (यालाच रीलोडिंग म्हणतात) सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डब्यावरचं नाव बघायचं आणि लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाचा क्रमांक, बघायचाच नाही. जुना डबा संपला, त्याच नावाचा नवा उघडला आणि वहीतला मॅक्सिमम लोड (एका काडतुसात भरायचं पावडरचं जास्तीत जास्त वजन) जसाच्या तसा भरायला घेतला, असं प्लीज करू नका. रीलोडरसाठीची पावडर कंपनी ब्लेंड करून ठरलेल्या मर्यादेत आणते हे खरं, पण त्या मर्यादेतही दोन लॉटच्या जळण्याच्या वेगात थोडा फरक राहतोच, आणि लोड आधीच टोकाला असेल तर तेवढा फरकसुद्धा बंदुकीतलं प्रेशर वर न्यायला पुरतो. नवा लॉट आला की लोड थोडा खाली उतरवा, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावून परत हळूहळू वर या. पावडर मापून टाकणाऱ्या मेझरची जुनी सेटिंगही तशीच वापरू नका, कारण ते आकारमानावर चालतं आणि नव्या लॉटची घनता वेगळी असली की तेवढ्याच जागेत वजन वेगळं पडतं, म्हणून काट्यावर चेक करायचंच.

नावातला आकडा सारखा म्हणून पावडर सारखी धरायची, ही तर फारच धोक्याची चूक. ४८३१ नावाच्या पावडरचंच बघा, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रूस हॉजडनने सैन्याकडची उरलेली ४८३१ विकली, पुढे तो साठा संपला आणि नव्याने बनवलेली एच ४८३१ आली, शिवाय आयएमआर ४८३१ वेगळीच, ती एच पेक्षा जलद जळते. त्यामुळे एच चा मॅक्सिमम लोड आयएमआरला लावला तर काय होईल ते सांगायला नको. बर्न रेट चार्टही कोणती पावडर जास्त जलद जळते याचा फक्त क्रम दाखवतो, त्यावरून लोड काढायचा नसतो.

आता ओलाव्याचं, ज्याकडे मला वाटतं लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. पावडरमधलं नायट्रोसेल्युलोज हवेतला ओलावा घेतं आणि सोडतंही. डबा कोरड्या गरम खोलीत उघडा राहिला, किंवा पावडर मेझरच्या हॉपरमध्ये (वरच्या भांड्यात) रात्रभर तशीच सोडली, तर ती सुकते आणि सुकलेली पावडर जलद जळते, म्हणजे वजन तेच आणि प्रेशर जास्त. "जुनी पावडर म्हणजे कमजोर" हा समज इथेच घात करतो. उलट दमट हवेत जळण्याचा वेग मंदावतो, व्हेलॉसिटी, म्हणजे गोळीचा वेग, पडते, मग माणूस चार्ज, म्हणजे पावडरचं वजन, वाढवतो आणि पुढे कोरड्या डब्यातली पावडर त्याच चार्जने भरतो, त्यामुळे व्हेलॉसिटी पडली तर चार्ज वाढवण्याआधी कारण शोधा. काम झालं की हॉपर रिकामा करून पावडर तिच्याच मूळ डब्यात, झाकण घट्ट, थंड कोरड्या जागी. काचेच्या बरणीत तर अजिबात नको.

पावडर खरंच खराब होते तेव्हा तिच्यातलं स्टॅबिलायझर संपत आलेलं असतं, बऱ्याच पावडरींमध्ये ते डायफिनाइलअमाइन असतं. नायट्रोसेल्युलोज विघटित होताना आम्लधर्मी वायू सोडतं, ते हा स्टॅबिलायझर पकडून ठेवतो, आणि उष्णतेत तो लवकर खर्च होतो. चांगल्या पावडरला सॉल्व्हंटचा हलका वास येतो. खराब झालेलीचं झाकण काढलं की नाकाला झोंबणारा आंबूस वास, दाण्यांवर तांबूस तपकिरी धूळ, पत्र्याचा डबा असेल तर झाकणाच्या आतून गंज. असं काही दिसलं तर "थोडी कमी भरून संपवून टाकू" हा विचार सोडा, तिचा वेग कुठे जाईल ते सांगता येत नाही आणि साठून राहिली तर ती आपोआप तापून पेटूही शकते. घरात ठेवू नका, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने नष्ट करा. जुन्या डब्यातली उरलेली पावडर नव्यात ओतायची नाही. आणि सुटे केलेल्या राऊंडमधली (काडतुसातली) पावडर नुसत्या दाण्यांवरून ओळखायचा प्रयत्न तर कधीच करू नका.

ट्रबलशूटिंग करताना फक्त प्रायमर (काडतुसाच्या तळातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) चपटा झालाय का यावर विसंबू नका. चपटा प्रायमर, जड उघडणारा बोल्ट (रायफलचा मागचा दांडा), केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, तळावर ते बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा ठसा, ही लक्षणं दिसेपर्यंत प्रेशर बहुतेक वेळा हद्दीबाहेर गेलेलं असतं. लोडचा डेटा देणाऱ्या मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा व्हेलॉसिटी बरीच जास्त येत असेल तर तिथेच थांबा, मात्र बॅरलची लांबी आणि त्या दिवसाचं तापमान धरूनच तुलना करा, कारण उन्हात तापलेला किंवा गरम चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) थोडा वेळ राहिलेला राऊंडही जास्त प्रेशर देतो. मॅन्युअलही शक्यतो नवीन बघा, जुन्या डेटामागे तेव्हाचे लॉट आणि तेव्हाची प्रेशर मोजायची साधनं होती.

भरलेल्या राऊंडच्या बॉक्सवर पावडरचं पूर्ण नाव, लॉट नंबर, वजन आणि तारीख लिहून ठेवा, म्हणजे एखाद्या लॉटमध्ये गडबड निघाली तर नेमके तेवढेच राऊंड बाजूला काढता येतात.