यूपीएसची यूएसबी केबल कामाला लावताना

रावेर-यावलकडचं केळीचं पिकवण चेंबर असो की जिनिंगच्या काटाघरातला कॉम्प्युटर, यूपीएस असतोच; त्याच्या मागचा यूएसबी पोर्ट मात्र बहुतेक ठिकाणी रिकामा. लाइट जाते, यूपीएस काही वेळ ओरडतो आणि मशीन धाडकन बंद पडतं, काट्याच्या पावत्यांचा डेटाबेस अर्धवट लिहिलेला. ड्रायव्हर बसवला की मशीन बॅटरी संपायच्या आत स्वतःहून नीट बंद होतं. इथली मांडणी डेबियन किंवा उबुंटूवरच्या नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्सची आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच.

आधी केबल बघा. एपीसीच्या बऱ्याच मॉडेलांत यूपीएसकडचं टोक लॅनच्या पिनसारखं दिसतं, पण ते १० पिनांचं असतं. ८ पिनांची लॅन केबल त्यात शिरते, चालत नाही. आणि ६०० व्हीएच्या स्वस्त यूपीएसना अनेकदा डेटा पोर्टच नसतो, तेव्हा खरेदीआधी मागची बाजू बघून घ्या.

केबल जोडून 'एलएसयूएसबी' चालवा; जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी आयडीसकट दिसते. खोक्यावर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते विसरा, आयडीवरून ड्रायव्हर ठरतो. ०५१डी:०००२ (एपीसी) किंवा ०४६३:एफएफएफएफ (ईटन) दिसलं तर 'यूएसबीहिड-यूपीएस'. ०६६५:५१६१ दिसलं तर आत सायप्रेसची चिप आहे; यादीत ती 'यूएसबी टू सिरियल' म्हणून येते आणि माणूस उगाच सिरियल कन्व्हर्टरचा ड्रायव्हर शोधत बसतो. तिला 'नटडीआरव्ही_क्यूएक्स' लागतो. ०००१:०००० हा आयडी तर कुठल्यातरी परदेशी दुकानाच्या नावाने दिसतो, त्यालाही बहुधा क्यूएक्सच.

मग 'ईटीसी/नट' फोल्डरमधल्या 'नट.कॉन्फ' फाइलीत मोड 'स्टँडअलोन' करा (हा 'मोड' शब्द कॅपिटलमध्ये), आणि 'यूपीएस.कॉन्फ' मध्ये:

[काटा]
ड्रायव्हर = नटडीआरव्ही_क्यूएक्स
पोर्ट = ऑटो
व्हेंडरआयडी = ०६६५
प्रॉडक्टआयडी = ५१६१
सबड्रायव्हर = सायप्रेस

सबड्रायव्हर दिला की दोन्ही आयडी द्यावेच लागतात. एपीसी-ईटनला फक्त ड्रायव्हर आणि पोर्ट या दोन ओळी पुरतात. पोर्टला 'ऑटो' लिहिलं तरी ती ओळ हवीच.

'यूपीएसडीआरव्हीसीटीएल स्टार्ट' दिल्यावर परवानगी नसल्याची तक्रार आली तर बहुधा केबल नटचं पॅकेज बसवण्याच्या आधीपासून जोडलेली असते आणि यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना परवानग्या लावणाऱ्या सेवेचा) नियम तिला लागलेला नसतो. केबल काढून पुन्हा लावा. ड्रायव्हर रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) नावाने चालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका, त्याने दुखणं झाकलं जातं, जात नाही.

दुसरी नेहमीची तक्रार 'डेटा स्टेल', म्हणजे यूपीएसकडून ताजी माहिती येत नाही. स्वस्त चिप मधूनच गप्प होते. केबल हब किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून थेट मदरबोर्डच्या मागे लावा. तरीही आलं तर पोलइंटरव्हल (यूपीएसला किती वेळाने विचारायचं) २ वरून ५ सेकंद करा आणि 'यूपीएसडी.कॉन्फ' मधला मॅक्सएज (माहिती किती सेकंद ताजी धरायची) १५ वरून २५ करा.

आता 'यूपीएससी काटा' दिलं की स्टेटस दिसेल: ओएल म्हणजे लाइनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. पंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज पडतं, तेव्हा ओएलसोबत 'बूस्ट' दिसू शकतं, म्हणजे यूपीएस व्होल्टेज वाढवून देतोय. ते चालतं. पण ओएल-ओबी असा सारखा झोका सुरू असेल, विशेषतः जनरेटरवर, तर 'यूपीएसआरडब्ल्यू' ने सेन्सिटिव्हिटी कमी करा. हे सगळ्या मॉडेलांत बदलता येत नाही.

खरी गोम बॅटरीची आहे. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं. त्यावर साधारण दर १० अंशांना ते निम्मं होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या काटाघरात त्याहून वर. गंमत अशी की ऊन बॅटरी मारतं, पण उन्हात ती मेलेली कळत नाही. गरम बॅटरी थोडं जास्तच देते. मान टाकते ती डिसेंबरच्या थंडीत. म्हणून बॅकअप उन्हाळ्यात मोजून निश्चिंत होऊ नका, दिवाळीनंतर पुन्हा मोजा.

क्यूएक्सवाल्या यूपीएसना बॅटरी किती टक्के आहे हे बहुधा सांगताच येत नाही, फक्त व्होल्टेज कळतं. मापन असं करा: यूपीएसवर कॉम्प्युटरऐवजी १०० वॅटचे पिवळे बल्ब लावा, यूएसबी केबल लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपवर यूपीएसमॉन (बॅटरी संपत आली की मशीन बंद करणारा नटचा प्रोग्राम) बंद ठेवा. ३६० वॅटच्या यूपीएसवर एकदा तीन बल्ब, एकदा एक. यूपीएस बंद पडेपर्यंतचे सेकंद आणि 'यूपीएस.लोड' चा आकडा लिहून घ्या. दोन मापनांमध्ये १२ तास चार्जिंग. तीन बल्बांवर समजा २७० सेकंद आणि ८३ टक्के, एकावर १२०० सेकंद आणि २८ टक्के आले, तर 'यूपीएस.कॉन्फ' मध्ये त्याच यूपीएसच्या नावाखाली:

रनटाइमकॅल = २७०,८३,१२००,२८
डिफॉल्ट.बॅटरी.व्होल्टेज.हाय = १३.०
डिफॉल्ट.बॅटरी.व्होल्टेज.लो = १०.४
इग्नोरएलबी
ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज.लो = ५०

व्होल्टेजचे आकडे एका १२ व्होल्टच्या बॅटरीचे आहेत. दोन असतील तर दुप्पट. शेवटच्या दोन ओळींनी यूपीएसचा स्वतःचा इशारा सोडून ५० टक्क्यांखालीच एलबी धरलं जातं; त्या एपीसी-ईटनलाही उपयोगी, कारण जुन्या बॅटरीवर यूपीएसचा स्वतःचा एलबी इशारा येतो आणि पुढच्या काही सेकंदांत सगळं अंधारात.

'यूपीएसडी.यूझर्स' मध्ये यूझर व पासवर्ड द्या आणि 'यूपीएसमॉन.कॉन्फ' मधल्या मॉनिटरच्या ओळीत तेच लिहा. त्या ओळीचा शेवटचा शब्द नट २.८ पासून 'प्रायमरी' आहे, २.७.४ मध्ये (उबुंटू २२.०४) 'मास्टर'. जुन्या आवृत्तीला नवा शब्द कळत नाही.

शेवटी कामं सेव्ह करून 'यूपीएसमॉन -सी एफएसडी' (मशीन सक्तीने बंद करण्याची आज्ञा) चालवा. ही लुटुपुटूची चाचणी नव्हे: मशीन खरंच बंद होतं आणि मग यूपीएसने आउटपुट तोडून पुन्हा द्यायला हवं. ड्रायव्हरचा 'ऑफडिले' (आउटपुट तोडण्याआधी थांबण्याचा वेळ) यूएसबीहिडमध्ये २० सेकंद असतो, क्यूएक्समध्ये ३०. करंट परत आला पण मशीन उठलं नाही, तर बायोसमध्ये करंट गेल्यानंतरची सेटिंग 'पॉवर ऑन' करायची राहिली आहे.