बोर्डो करताय? आधी चुना जिवंत आहे का बघा

पाऊस उघडला की आपल्याकडं हस्त बहाराच्या डाळिंबाची छाटणी सुरू होते आणि छाटणी झाली की तेल्या म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूजन्य करप्याच्या धास्तीनं पहिली फवारणी १ टक्का बोर्डो मिश्रणाची. प्रमाण सगळ्यांना पाठ आहे, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. तरीपण पानं करपतात, आणि मग बोलणी खातो मोरचूद. माझीपण एकदा करपली होती, चूक चुन्याची होती, म्हणजे खरं तर माझीच, गेल्या सालची अर्धी फोडलेली गोणी वापरली.

होतं काय, मोरचुदाचं पाणी आंबट म्हणजे आम्लधर्मी असतं. त्याला मारायला चुना लागतो. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, धातूचा ऑक्साइड, आणि असले ऑक्साइड बहुतेक अल्कधर्मी, आम्ल भेटलं की दोघांचं मिळून क्षार आणि पाणी होतं, विषय संपला. पण गोणी उघडी राहिली की चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू त्याची चुनखडी होते. दिसायला तसाच पांढरा, पण जोर गेलेला, मग वजन १ किलो भरूनसुद्धा आंबटपणा उरतोच.

ओळखायचं कसं? खड्यावर थोडं पाणी टाका. ताजा असेल तर सुसू करतो, वाफ निघते, खडा फुटून पीठ होतं. जुना असेल तर गारच पडून राहतो, आणि वर लिंबू पिळलं तर चांगला फेस येतो, तो चुनखडीचा फेस. असला चुना टाकून द्या, १ चा दीड किलो करून जुगाड करू नका.

चुना विझवताना तोंड लांब ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला, डोळ्यात उडाला तर लई महागात पडतं. मातीच्या भांड्यात थोड्या पाण्यात विझवून गार होऊ द्या आणि मग ५० लिटर करून गाळा. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या टिपाडात ५० लिटर पाण्यात विरघळवा, लोखंडी भांडं नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टिपाडात सोडत हलवत राहायचं. झालं की घासून लख्ख केलेलं विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, चुन्याचं पाणी थोडं थोडं वाढवा आणि पुन्हा बघा. निळा लिटमस कागद (आम्ल ओळखायचा) असेल तर तो लाल होता कामा नये. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसरं औषध त्यात मिसळू नका. फळं धरलेल्या बागेला १ टक्का नको, तिथलं प्रमाण कमी असतं, सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारून घ्या.

आणि उरलेला चुना शेतात फेकू नका राव. कोकणातली जमीन आंबट म्हणून तिथं चुना टाकतात, आपल्या रानात चुनखडी आधीच भरपूर आहे, त्यात भर घातली की लोह न् जस्त अजून अडकतं आणि पानं पिवळी पडतात.