पंचगंगा वाढतेय? राजारामचा आकडा वाचताना या चुका टाळा

जुलै लागला की कोल्हापुरातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फिरायला लागते. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. तरीही २०१९ आणि २०२१ मध्ये, पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली तेव्हा, कितीतरी घरांत ऐनवेळी गाद्या माडीवर चढवायची पळापळ झाली. आकडा सगळ्यांना माहीत होता, पण त्या आकड्याला पाणी आपल्या घरात कुठवर येतं याचा हिशेब कुणी घातला नव्हता.

‘४३ झाल्यावर बघू’ म्हणणं ही पहिली चूक. ती पातळी कसबा बावड्यातल्या या राजाराम बंधाऱ्यावरची आहे, तुमच्या उंबऱ्याची नाही. सुतारवाड्यातल्या लोकांना सगळ्यांच्या आधी सामान बांधावं लागतं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीचा आकडा वेगळा, आणि राजारामपुरीच्या चढावर राहणाऱ्याला हीच पातळी नुसती बातमी असते. म्हणून आपला आकडा आपणच काढायचा. मागच्या पुरात पहिल्या पायरीला पाणी लागलं तेव्हाचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतोच. त्याची तारीख आणि वेळ बघा, त्या वेळची राजारामची पातळी जुन्या बातम्यांत शोधा आणि चौकटीवर रंगानं लिहून ठेवा. दोन पुरांचे आकडे वेगळे निघाले तर कमी असलेला धरा.

दुसरी चूक वेगाकडं न बघण्याची. समजा, सकाळी ६ ला ३८ फूट ४ इंच आणि दुपारी १२ ला ३९ फूट ४ इंच, म्हणजे तासाला २ इंच. तुमची गल्ली ४३ ला बुडत असेल तर अजून ४४ इंच बाकी, म्हणजे साधारण २२ तास. हा अंदाज दर दोन-तीन तासांनी नव्याने मांडायचा, कारण वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की तो कोलमडतो. शिवाय मेसेजमध्ये ‘४१.१०’ असं येतं, ते ४१ फूट १० इंच असतं. दशांश समजून वाचलात तर नऊ इंचांची चूक होते. तारीख-वेळ नसलेला मेसेज तर सोडूनच द्या. २०१९ चे व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात.

शहरात ऊन पडलं म्हणून निवांत होऊ नका. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा येते, आणि पाऊस तिकडं गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत पडत असतो. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. शिरोळकडच्यांना त्याच्या जोडीला कृष्णेवरही नजर ठेवावी लागते.

नदी समोरून येईल असं धरून बसणंही चुकीचंच. शहरात बऱ्याच ठिकाणी पाणी मागून येतं. पंचगंगेची फूग, म्हणजे नदी तुंबून मागं सरकणारं पाणी, शहरातल्या जयंती नाल्यात शिरते आणि गटारीतून, न्हाणीच्या जाळीतून, संडासातून वर येते. दारात वाळूची पोती रचून बसलेल्यांच्या मागच्या मोरीत पाणी! एखादं पोतं तिथंही लागतं.

नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांकडं खरी अडचण जनावरांची. माणसं घरासाठी नाही, म्हशीसाठी मागं राहतात, आणि यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. चूक वेळेची होते. रस्त्यावर पाणी आलं की बोटीत म्हैस चढत नाही. त्यामुळं जनावरं पहिल्यांदा, पातळी इशाऱ्याजवळ असतानाच, चाऱ्यासकट हलवायची. अगदीच अडकलात तर दावं सोडा. बांधलेलं जनावर जाग्यावर बुडतं.

घरात इन्व्हर्टरची बॅटरी वर न्या, मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि मोकळी प्लास्टिकची टाकी भरून ठेवा, नाहीतर ती तरंगत जाते. प्यायचं पाणी आधीच साठवा. मोठ्या पुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडतात. अडकलात तर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आहे.

पाणी ओसरल्यावर सगळे आधी झाडू घेतात. थांबा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, फ्रिज यांचे फोटो आधी काढा, पंचनाम्याला ते लागतात. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ती ओढूनच गॅरेजला न्या. वायरमनने बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, आणि कोपऱ्यातल्या भिजक्या गोधड्या हातानं न उचलता काठीनं उचला, साप तिथंच बसलेले असतात.